कापलेले सांगा!

सरकारी पेन्शनीचे गणित माझ्यासारख्या बी. कॉम. कारकुनालाही सुटत नाही. पेन्शन द्यायची सरकारने. जमा करायची आम्ही बँकवाल्यांनी. त्यातला कर कापायचा आम्हीच, आणि कोणाचा किती कापला हे सरकारला कळवायचेही आम्हीच. एवढे झाल्यावर सरकार आजोबांना विचारणार, "काय हो, तुमचा किती कापला?"

पेन्शन लिहायची 'पगार' या सदरात. काम नाही, साहेब नाही, तरी पगार! आजोबा गेले की आजींची कुटुंब-पेन्शन मात्र 'इतर उत्पन्न'. 2024 च्या अर्थसंकल्पापासून नव्या करपद्धतीत आजोबांना वजावट 75 हजारांची; आजींना पेन्शनीचा एक तृतीयांश किंवा 25 हजार, यांतले कमी असेल ते. एकट्या बाईचा खर्च कमी, असा हिशेब असावा!

आता म्हणे फॉर्म आधीच भरून मिळतो. छान! चूक निघाली तर जबाबदार मात्र आजोबाच.

2021 पासून पंचाहत्तरीनंतर रिटर्नमधून सूट आहे. पण उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतले व्याज असेल तरच. शेजारच्या बँकेत एक ठेव निघाली, की सूट संपली.

अहो, आकडे तुमच्याच वहीत आहेत. ही सूट साठीलाच द्या, बँका कितीही असोत. हयातीचा दाखला आजोबा दरसाल देतातच. निदान हयातभर हिशेब तरी मागू नका!