बुडीत फोडींची वसुली

बँकेत एखादं खातं बुडालं की चौकशी बसते. कर्ज कोणी मंजूर केलं, तारण कोणी पाहिलं, सही कोणाची, असं सगळं तपासलं जातं आणि शेवटी दोषी सापडत नाही. घरात लोणच्याला बुरशी आली की उलट होतं. चौकशी होतच नाही, थेट निकाल लागतो. ''कुणाचा तरी ओला हात लागला.'' या 'कुणाचा तरी'चा मराठी घरातला अर्थ 'सुनेचा' असा आहे. शब्दकोशवाल्यांनी त्याची नोंद घेतलेली नाही, एवढंच.

गेल्या श्रावणात आमच्याकडे हेच घडलं. आईनं कैरीच्या लोणच्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि मग हिच्या हातांकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. हिनं घाबरून हात ओढणीला पुसले, आणि तिथंच खटला हरली. कोरडे हात कोण पुसतं?

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. बावीस वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात आणि पिंजऱ्याबाहेर काढल्यामुळे, शिल्लक मोजल्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही एवढी एकच सवय मला लागली आहे. मी बरणी उजेडात नेली. पाहतो तो काय, बुरशी फक्त वरच्या फोडींवर. ज्या फोडी तेलाच्या वर डोकं काढून बसल्या होत्या, त्या गेल्या. खाली बुडालेल्या सगळ्या खणखणीत. आमच्या धंद्यात बुडीत ते वाईट. इथं बुडीत तेच चांगलं!

हे काही गूढ नाही. कैरीला मीठ लावलं की फोडींना पाणी सुटतं, त्याचा खार होतो, आणि वरून ओतलेलं गार फोडणीचं तेल त्या खारावर तरंगतं. बुरशीला हवा लागते. तेलाचा थर हवा आत येऊ देत नाही. म्हणून तर आई दरवर्षी तेल फोडींच्या वर दोन बोटं ठेवते. हे तेल खाण्यासाठी नसतं, मंडळी. ती गंगाजळी आहे. ज्या बँकेनं रोजच्या व्यवहारात गंगाजळी वाटली, ती बँक श्रावणापर्यंत टिकत नाही.

मग आमची गंगाजळी कुणी वाटली? आठ दिवस मी जेवताना काटा घेऊन बसलो. (हिचा केकचा काटा. दर चमचा मोजताना आई देवाचं नाव घेत होती.) एक फोड सरासरी आठ ग्रॅम, आणि तिच्याबरोबर चमच्यात बसून फुकट प्रवास करणारं तेल नि खार मिळून पाच ग्रॅम. चार माणसांच्या चार फोडी, म्हणजे रोज वीस ग्रॅम बाहेर. ते ताटात उरतं, तिथून खरकट्यात जातं. ज्यांच्यासाठी डॉक्टरांनी मीठ-तेल कमी सांगितलं आहे ते आमचे वडील ते भाकरीनं पुसून घेतात, ती हानी वेगळी. फोडी अर्ध्या संपल्या होत्या आणि तेल जवळजवळ सगळं. हिशेब जुळला. आरोपी सापडला. तो हात नव्हता, चमचा होता.

आणि चमच्याला साथ होती बरणीची.

इथं मला एक कबुलीजबाब द्यायचा आहे, पण तो जरा पुढे देतो.

आईची जुनी बरणी चिनीमातीची, खाली पांढरी आणि वर पिवळसर तपकिरी. तोंड असं रुंद की आत कोपरापर्यंत हात जावा. आई तिच्यात लाकडी चमचा घालायची, फोड उचलायची, आणि चमचा आतल्या भिंतीला टेकवून जरासा कलता धरायची. एकीकडे आमच्याशी बोलणं चालू. बोलणं संपेपर्यंत तेल चमच्याच्या कडेवरून आपल्या घरी परत गेलेलं असायचं. आई बोलते खूप, त्यामुळे आमच्याकडे लोणचं दोन-दोन वर्षं टिकायचं. चमचा निथळतो तो कलला तरच. आणि चमचा कलायला बरणीला तोंड लागतं. आजच्या उंच, अरुंद गळ्याच्या बाटलीत चमचा सरळ उभा आत जातो आणि सरळ उभा वर येतो. वर येताना त्याच्या वाटीत जेवढं मावेल तेवढं तेल घेऊनच येतो. त्याला कलायला जागाच नसते. मग तुम्ही हात पुसा, धुवा, नाहीतर सूर्याला दाखवा.

बरणी अरुंद का झाली, हे मला कळतं. लहान तोंडाला लहान झाकण लागतं, ट्रकमध्ये सांडत नाही, दुकानाच्या फळीवर एका हातात दोन मावतात. भरणाऱ्याची सोय आहे, नेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची आहे. काढणाऱ्याची? बरणीचा आराखडा करणाऱ्या महाशयांना माझा एकच सवाल आहे : साहेब, आपण आयुष्यात एकदा तरी बरणीतून फोड काढली आहे काय? की आपल्याकडेही ती ताटात आपोआप येते?

ही खोड जुनीच आहे. पत्र्याच्या डब्यात अन्न भरण्याचं पेटंट इंग्लंडात १८१० साली निघालं. तो डबा उघडण्याच्या हत्याराचं पहिलं अमेरिकन पेटंट निघालं १८५८ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं लोक छिन्नी-हातोडा घेऊन जेवायला बसत. त्याच १८५८ साली जॉन मेसन नावाच्या गृहस्थानं काचेच्या बरणीला आटे पाडून फिरकीच्या झाकणाचं पेटंट घेतलं. म्हणजे डबा उघडायची आणि बरणी मिटायची सोय एका वर्षात झाली. आतलं काढायचं कसं, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर सोडण्यात आला. त्या पिढ्या म्हणजे आपणच.

''मग काट्यानं घ्या की!'' हे आमच्या शाखेतल्या एका साहेबांचं मत. काट्यानं मुरलेली फोड टोचली की ती फाटते. लिंबाच्या लोणच्यात तर काटा मारल्यावर वर साल येते आणि लिंबू मागे राहतं. दुसरे म्हणाले, ''चिमटा.'' विलायतेत व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोणच्याच्या काचपात्राला चांदीचा मुलामा दिलेला चिमटा लटकवलेला असे, हे खरं आहे. पण त्यांचं लोणचं म्हणजे व्हिनेगरच्या पाण्यात पोहणारी आख्खी काकडी. ती धरायची नि झटकायची. आणि चिमटा उघडायलाही रुंद तोंडच हवं. हल्ली वाळूच्या घड्याळासारखी एक बरणी मिळते. मधे जाळी, उलटी केली की पाणी खालच्या कप्प्यात. ऑलिव्हला उत्तम. आपलं लोणचं तिच्यात घालून पाहा. मोहरीची डाळ, मेथी, हळद सगळं जाळीत जाऊन बसतं, आणि तेल खाली उतरलंच तर वरच्या सगळ्या फोडी उघड्या! म्हणजे जो रोग आमच्या वरच्या थराला होता तो सार्वत्रिक होणार.

गंमत अशी की निथळण्यात आपला समाज मागासलेला नाही. पुरीचा झारा आहे, भज्यांचा आहे, बुंदीचा आहे, शेवेचा तर वेगळाच. कढईतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जिनसाच्या निथळण्याची व्यवस्था आहे. बरणीसाठी कुणी केली नाही, कारण रुंद बरणीला गरजच नव्हती. बरणी बदलली आणि चमचा तोच राहिला.

तेव्हा मीच कंबर कसली. प्रथम चहाची गाळणी. तिची जाळी दोन फोडींत मोहरीनं बुजली आणि पुढचे चार दिवस चहाला हिंगाचा वास येत होता. मग कसब्यात तांबट आळीत गेलो. तिथल्या एका वयस्क कारागिरानं माझं चित्र बघितलं आणि विचारलं, ''काय काढायचंय यानं?'' लोणचं म्हटल्यावर त्यांनी चित्र परत दिलं. म्हणाले, ''तांब्या-पितळेला आंबट-खारट लावू नका, कळकेल. आईला विचारलं नाही का?'' नव्हतं विचारलं. संशोधनात आईला विचारायचं नसतं, असा माझा समज होता.

शेवटी बोहरी आळीतून लांब दांड्याचा, अरुंद वाटीचा स्टीलचा चमचा घेतला, तो सरबत ढवळायचा असतो तसला, आणि एका फॅब्रिकेशनवाल्याकडे भोकं पाडायला दिला. त्यानं तीन मिलिमीटरची पाडली. तेल गेलं, पण मसालाही गेला. ताटात आली ती नुसती ओली कैरी, न्हाणीघरातून बाहेर पडल्यासारखी. दुसऱ्या चमच्याला दोनची पाडली. आता प्रत्येक भोकात एकेक मोहरी बूच मारल्यासारखी बसली. गोल भोकाला गोल दाणा हे पक्कं बूच, हे मला तेव्हा कळलं. भोक नको, चीर हवी! चिरेत दाणा अडकला तरी त्याच्या दोन्ही बाजूंनी तेलाला वाट राहते. तिसऱ्या चमच्याला उभ्या चार चिरा पाडून घेतल्या आणि कडा आतून-बाहेरून घासायला लावल्या. न घासलेल्या कडेला मसाला असा धरून राहतो की घासणीही हार खाते. फॅब्रिकेशनवाल्यानं विचारलं, ''साहेब, एक्स्पोर्टचं काम आहे का?''

तरीही एक राहिलं होतं. तेल पाण्यासारखं धावत नाही, त्यातून थंडी असेल तर विचारूच नका. ते निथळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बरणीवर चमचा धरून उभं राहायला वरणभात वाढणाऱ्या बाईला फुरसत कुठली? म्हणून दांड्याला एक आकडी वाकवून घेतली. फोड उचलायची, आकडी बरणीच्या काठाला अडकवायची, चमचा तेलाच्या वर लोंबकळत राहतो. पोळ्या वाढून होईतो फोड निथळून तयार. काट्यावर पाहिलं. फोड आठ ग्रॅम, सोबत येणारं एक ग्रॅमच्या आतबाहेर. तोही बहुतेक मसाला.

आता तो कबुलीजबाब. ही उंच, अरुंद, सुबक बाटली घरात आणली कुणी? मी. आईचे हात थरथरायला लागले, चिनीमातीची बरणी उतरवताना एकदा निसटता निसटता राहिली, तेव्हा मीच कौतुकानं ''आई, ही हलकी आहे बघ'' म्हणून आणली होती. जुनी बरणी माळ्यावर मीच टाकली. म्हणजे कर्ज मंजूर करणारा मी, तारण न पाहणारा मी, आणि वसुलीची नोटीस मात्र सहा महिने हिच्या नावावर फिरत होती. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, ''मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, अहो. पण तुम्ही काटा घेऊन बसला होतात ते बरं दिसत होतं.''

आईला सांगणं अवघड होतं. मी वजनांचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो वाचला नाही. चमचा उलटा-सुलटा करून पाहिला, चिरांतून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ''चमच्याला भोकं पाडायची, हे तुझ्या बापाला कळलं असतं तर!'' मग दोन दिवस वापरला. या जूनमध्ये कैऱ्या आल्या तेव्हा तिनं पाटावर बसून फोडी मोजून दिल्या आणि हिला म्हणाली, ''यंदा तू कालव. माझे हात आता ओले असतात नेहमी.'' असं आई का म्हणाली ते मी विचारलं नाही. हिनंही विचारलं नाही. तेल मात्र हिनं दोन बोटांऐवजी तीन बोटं ओतलं.

माझ्या यंत्रात एक दोष राहिला, तो पहिल्याच जेवणाला उघडकीस आला. आकडी काठाला अडकवली की झाकण लागत नाही. मी झाकणाला खाच पाडायची म्हणत होतो. ही म्हणाली, ''मग हवा जाणार, आणि तुम्ही पुन्हा काटा घेऊन बसणार.'' आमचं असं चाललं असताना आई उठली, कपाटातून वडिलांच्या जुन्या पंचाचा एक तुकडा फाडून आणला, आकडीसकट बरणीच्या तोंडावर टाकला आणि दोऱ्यानं गाठ मारली. ''जेवण होईतो दादरा पुरतो,'' म्हणाली, ''आमच्याकडे हेच होतं.'' आणि वडिलांना एक कोरडी फोड वाढायला गेली.