वंशावळीत न लिहिलेली ओळ : दोन कर्करोग, एक घराणे आणि जनुक-तपासणी

१/ आपण वंशावळी हौसेने जमवतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहतो, मोडीचा कागद लावतो, कुलवृत्तांत चाळतो. त्या कागदांत एक गोष्ट क्वचितच सापडते : माणूस कशाने गेला. लेकींचे तर बहुधा नावही नसते. हा धागा त्या दोन उणिवांविषयी आहे.

२/ गोखिवऱ्याच्या एखाद्या घरातील बाईला चाळिशीत स्तनाचा कर्करोग होतो. ती बरी होते. दहा वर्षांनी बीजांडकोशात गाठ निघते. घरचे म्हणतात, ‘जुनाच उलटला.’ वसई रोडहून गाडी पकडून पुन्हा परळच्या वाऱ्या सुरू होतात. पण दुसरा रोग नेहमी पहिल्याचाच पसारा नसतो. तो स्वतंत्र, नवाही असू शकतो, आणि तसा असेल तर प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही.

३/ हा संशय जुना आहे. १८६६ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने स्वतःच्या पत्नीच्या घराण्यातील चार पिढ्यांचे कर्करोग नोंदवून प्रसिद्ध केले. १८९५ मध्ये अमेरिकेत शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले, की घरातल्या इतरांप्रमाणे आपणही कर्करोगानेच जाणार. तसेच झाले. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची वंशावळ १९१३ मध्ये छापली. माझ्या मते या शास्त्राची पहिली इतिहासकार ती शिंपीणच.

४/ मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना मुंबईच्या निरनिराळ्या समाजांत कर्करोगाचे प्रमाण वेगवेगळे का, हा प्रश्न पडला होता. डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांतील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. जनुकाचे रसायन तेव्हा उलगडलेही नव्हते.

५/ पुढचा प्रवास वेगाने झाला. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचा धागा सतराव्या गुणसूत्रापर्यंत नेला. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक हाती आले, पुढच्या वर्षी बीआरसीए-२. एका अमेरिकन कंपनीने त्यांवर पेटंट मिळवले होते. निसर्गतः आढळणाऱ्या जनुकावर पेटंट देता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी दिला.

६/ सदोष जनुक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग ते आईकडून येवो वा वडिलांकडून. इथेच आपल्या कुलवृत्तांतांची रीत घातक ठरते. वडिलांच्या बहिणीचा कर्करोग ‘दुसऱ्या घरात दिलेल्या’ मुलीचा म्हणून गळून जातो. त्या मानाने वसईच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या बऱ्या. तिथे मुलीचे आणि आईचे नाव तरी असते.

७/ माझे मत स्पष्ट आहे. एकाच व्यक्तीला दोन स्वतंत्र कर्करोग झाले, की जनुकीय समुपदेशन आणि तपासणी उपचाराचाच भाग मानावी. ती ऐपतीवर सोडू नये. शक्यतो आधी तपासणी आजारी व्यक्तीचीच व्हावी. तिच्यात दोष नेमका सापडला, तर बहीण-भावांना तेवढाच एक बदल तपासून घेता येतो. ती गेल्यावर हे उत्तर मिळवणे फार अवघड होते.

८/ ‘कळून तरी काय उपयोग?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. अहवालात कधी ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ एवढेच येते. जगातील जनुक-संग्रह प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर उभे असल्याने आपल्याकडे हे अधिक घडते. पण निश्चित दोष कळला, तर एमआरआयने लवकर नजर ठेवता येते, बीजांडकोश वेळीच काढता येतात, काही औषधेही त्यावरूनच ठरतात.

९/ खरा अडथळा बहुधा वेगळाच असतो : ‘बाहेर कळले तर मुलींची लग्ने कशी जमणार?’ म्हणून मावशीचा कर्करोग ‘पोटाचे दुखणे’ होतो. खोट्या नोंदीला आपण इतिहासात बखरीतली अतिशयोक्ती म्हणून हसतो. घरातली मात्र जपून ठेवतो.

१०/ दिवाळीत आजीजवळ बसाल तेव्हा वंशावळीच्या कागदावर प्रत्येक नावापुढे जागा सोडा. कोणता अवयव, कितव्या वर्षी, तोच रोग पसरला की दुसरा नवा झाला. आत्यांची आणि मावश्यांची नावे आधी लिहा. जुने अहवाल कपाटात असतील तर फेकू देऊ नका.