गृहपाठ न केलेला प्रेक्षक

सुपरहिरोंच्या चित्रपटांना लोक कंटाळले, हे निदान गेली तीन-चार वर्षं इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की ते तपासून पाहायची तसदी आता कुणी घेत नाही. आकडे मात्र वेगळंच बोलतात. कोविडचं सावट पुरतं सरलेलं नसताना, २०२१च्या अखेरीस, ‘स्पायडरमॅन : नो वे होम’ने जगभरात १९० कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. २०२४मध्ये ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ १३० कोटींच्या पुढे गेला. कंटाळलेली माणसं खिशात असा हात घालत नाहीत. दुसरीकडे, २०१९मध्ये ११३ कोटी डॉलर मिळवणाऱ्या ‘कॅप्टन मार्व्हल’ची नायिका चारच वर्षांनी ‘द मार्व्हल्स’मध्ये आली आणि गाडी जेमतेम २० कोटींवर अडली. पहिल्या चित्रपटाला ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’च्या उत्सुकतेचा फायदा झाला होता आणि दुसऱ्याच्या वेळी हॉलिवूडमधला कलाकारांचा संप आडवा आला, हे खरंच. पण एवढी मोठी घसरण संपाच्या खात्यावर टाकता येणार नाही. ‘द मार्व्हल्स’मध्ये नायिका तीन. त्यांतल्या दोघींना शक्ती कुठून मिळाली, हे ‘मिस मार्व्हल’ आणि ‘वांडाव्हिजन’ या ओटीटीवरच्या मालिकांत आधीच सांगून झालेलं. ज्याने त्या पाहिल्या नव्हत्या, त्याला पडद्यावरच्या माणसांची नीट ओळखच नव्हती आणि ती करून देण्याची फारशी गरजही कुणाला वाटली नाही.

वर्षातून चार-पाच सिनेमे थिएटरात पाहणारा, मुलांना घेऊन जाणारा, शेवटची श्रेयनामावली सुरू झाली की गाडी काढायला उठणारा हा प्रेक्षक कट्टर चाहत्यांच्या चर्चेत कुठेच नसतो. पण मोठं यश त्याच्याच जिवावर मिळतं. चाहते पहिल्या शनिवार-रविवारचे खेळ भरतात; तिसऱ्या आठवड्यातलं थिएटर हाच भरतो. ‘एंडगेम’चे सुमारे २८० कोटी डॉलर काही फक्त कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या खिशातून आले नव्हते. आणि नेमकं त्याच्याकडूनच आता गृहपाठाची अपेक्षा केली जाते. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत मार्व्हलने ७ चित्रपट आणि ८ मालिका आणल्या. या भरमारीने लक्ष विखुरलं, हे डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच पुढे २०२३मध्ये मान्य केलं. तरीही फेब्रुवारी २०२५मध्ये आलेला ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ पाहा. त्यातला खलनायक सॅम्युअल स्टर्न्स २००८च्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’मधला, नायकाकडे ढाल कशी आली ते २०२१च्या एका मालिकेत, आणि हिंदी महासागरातून वर आलेल्या ज्या महाकाय देहावरून राष्ट्रांची जुंपते, तो ‘इटर्नल्स’मधला. सतरा वर्षांपूर्वीचं एक पात्र आठवून, एक मालिका संपवून आणि एक पडलेला चित्रपट पाहून मग तिकीट काढायचं! करमणुकीसाठी इतका खटाटोप कोण करतो?

यावर चाहत्यांचं उत्तर ठरलेलं असतं. कॉमिक्स मुळातच क्रमशः चालतात, एकाची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीत शिरणं हीच त्यांची मजा, आणि महाभारतावर वाढलेल्या आपल्या लोकांना तर ही गुंतागुंत परकी वाटण्याचं कारणच नाही. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा रोख उलटा पडतो. कीर्तनकार उत्तररंगात अभिमन्यूचं आख्यान लावतो, तेव्हा समोरच्या माणसाने आदिपर्व ऐकलं आहे का, असं तो विचारत नाही. सुभद्रेच्या पोटात ऐकलेली चक्रव्यूहाची अर्धी गोष्ट तो तिथल्या तिथे सांगतो, जयद्रथ कोण हे दोन वाक्यांत उरकतो आणि तास-दीड तासात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. बाकीचं महाभारत ठाऊक असलेल्याला त्यात आणखी चार गोष्टी सापडतात, तो त्याचा नफा. नवख्याचं मात्र काही अडत नाही. मार्व्हलचे सुरुवातीचे चित्रपट असेच होते. २००८चा ‘आयर्न मॅन’ आजही कुणीही, काहीही माहीत नसताना, पाहावा.

महाभारताची आणखी एक गोष्ट चाहते विसरतात. मेलेला अभिमन्यू पुढच्या पर्वात दुसऱ्या विश्वातून परत येत नाही. इथे मात्र ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये थॅनॉसने गळा आवळून मारलेला लोकी दुसऱ्या काळशाखेतला होऊन स्वतःच्या मालिकेत हजर, आणि ‘लोगन’मध्ये २०१७ साली पुरलेला वुल्व्हरिन ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये पुन्हा ह्यू जॅकमनच्याच चेहऱ्याने हजर. त्यात डेडपूल लोगनची कबर उकरतो आणि त्याच्याच हाडांनी शत्रूंना झोडपत सुटतो. प्रसंग चतुर आहे, हसू येतंच. पण आपण कशाला हसतो आहोत? ‘लोगन’ने जे कमावलं होतं, तेच इथे मोडून खाल्लं जातंय. ‘नो वे होम’मध्ये तीन स्पायडरमॅन एकत्र आल्यावर टाळ्या पडल्या, त्या २००२पासून दोन वेगळ्या दिग्दर्शकांनी उभ्या केलेल्या चित्रपटांच्या पुण्याईवर. म्हणूनच या दोन चित्रपटांचं यश माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. जुनी पुंजी मोठी होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं. परत आणणंच वाईट, असंही नाही. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या तिसऱ्या भागातली गमोरा दुसऱ्या काळातून आलेली आहे, पण नायक क्विलवर प्रेम करणारी ती ही नव्हे, हे चित्रपट शेवटपर्यंत विसरत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळालाही जंगलातले लोक अमर समजत. वाचकाला मात्र ठाऊक असे की हा एकविसावा आहे आणि आधीचे गुहेत चिरविश्रांती घेत आहेत.

मग स्वयंपूर्ण चित्रपट काढले की गल्ला भरतो का? लगेच नाही, हे मान्य करायला हवं. २०२५मधला जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ सुरुवातीलाच तीन शतकांपूर्वी, तीन दशकांपूर्वी, तीन वर्षांपूर्वी असं करत तीन मिनिटांपूर्वीपर्यंत येतो आणि त्याच दमात नायकाला बर्फात आपटतो. क्रिप्टॉन ग्रहाचं पुराण पुन्हा लावत नाही आणि मागचं काही पाहायलाही सांगत नाही. (आपल्याकडे सेन्सॉरने त्यातलं चुंबन कापलं, उडणाऱ्या माणसापेक्षा ते अविश्वसनीय वाटलं असावं.) चित्रपट बऱ्यापैकी चालला, पण ‘नो वे होम’च्या जवळपासही पोहोचला नाही. त्याच वर्षीच्या ‘थंडरबोल्ट्स’चा शेवट आभाळातल्या हाणामारीने होत नाही, तर खचलेल्या माणसाला बाकीच्यांनी मिठी मारल्याने होतो. या मालिकेत इतका मोकळा शेवट फार दिवसांत झाला नव्हता. तोही फारसा चालला नाही. पाच वर्षं घालवलेला भरवसा एका उन्हाळ्यात परत कसा मिळेल? शिवाय ‘थंडरबोल्ट्स’मधली बहुतेक मंडळी जुन्या चित्रपट-मालिकांतूनच आलेली होती, आणि जाहिरातीवरून तेवढंच कळत होतं.

मल्याळममध्ये काय झालं ते त्या मानाने बोलकं आहे. बेसिल जोसेफच्या ‘मिन्नल मुरली’त वीज पडून दोघांना शक्ती मिळते, एक गावातला शिंपी, दुसरा चहाच्या टपरीवरचा शिबू. शिबूने वर्षानुवर्षं एका बाईची वाट पाहिलेली असते आणि ती गेल्यावर तो गाव जाळायला निघतो. असा खलनायक समजायला कसलाच गृहपाठ लागत नाही. २०२५चा ‘लोका’ केरळातल्या नीली या यक्षिणीच्या दंतकथेला आजच्या बंगळूरमध्ये आणतो. सुमारे ३० कोटी रुपयांत झालेल्या या चित्रपटाने ३०० कोटींच्या आसपास धंदा केला, तोही मोठा पुरुष नायक नसताना. नावापुढे ‘चॅप्टर वन’ आहे आणि पुढच्या भागांची पेरणीही आहे, त्यामुळे हेही त्याच वाटेने जातील अशी धास्ती वाटते. आज तरी तो एका बैठकीत पुरता कळतो.

‘ॲव्हेंजर्स : डूम्सडे’ डिसेंबर २०२६साठी जाहीर झाला आहे. ‘एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क म्हणून प्राण सोडणारे रॉबर्ट डाउनी ज्युनियर त्यात डॉक्टर डूम म्हणून येणार आहेत. तिकीट काढायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. पण आधी अमुक पाहून घ्या असं कुणी सांगू लागलं, तर पैसे खिशात ठेवा.