अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेला

गिरगाव, दादर, परळ या पट्ट्यातल्या कुठल्याही इमारतीत जा, बँकेतून, एलआयसीतून किंवा महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली एक तरी बाई भेटतेच. गप्पा रंगल्या की तिच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं, ‘आता आपलं काय राहिलंय?’ दुसरीकडे, चाळिशीतल्या एखादीनं बरी चाललेली नोकरी सोडून वेगळं काही करायचं म्हटलं, की सासर, माहेर आणि शेजार एका सुरात विचारतो, ‘अगं, सगळं सुरळीत चाललंय, कशाला डोक्याला ताप करून घेतेस?’ पुरुषानं वाट बदलली तर तो धडाडीचा, बाईनं बदलली तर ती धरसोडीची. ही दोन्ही वाक्यं ऐकली की मला पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही.

हे नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही. महर्षी कर्वे सगळ्यांना माहीत असतात. 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं. चर्चगेटला उतरणाऱ्या हजारो मुली एसएनडीटीत जातात, त्या विद्यापीठाचा पाया त्यांनी 1916 साली घातला, हे शाळेतच शिकवलेलं असतं. पण हिंगण्याचा त्यांचा विधवांसाठीचा आश्रम वर्षानुवर्षं चालला तो लोकांकडून गोळा केलेल्या पैशांवर, आणि तो पैसा आणण्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्यांत त्यांची मेहुणी पुढे होती. ती मेहुणी म्हणजे पार्वतीबाई.

या कहाणीचा एक धागा थेट गिरगावात येतो. पार्वतीबाई मूळच्या कोकणातल्या देवरुखच्या, जोशांच्या. जन्म 1870 चा. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईत शिकायला आले, कर्व्यांचे स्नेही झाले आणि दोघांनी एकत्र बिऱ्हाड केलं. याच नरहरपंतांनी आपल्या बालविधवा बहिणीला, गोदूबाईला, मुंबईत आणलं. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. जिला घराबाहेर पडणंही अपशकुनाचं मानलं जाई, तिनं चौपाटीच्या वाऱ्यावर पाटी-पेन्सिल हातात धरली. पुढे 1893 साली तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखतो. ज्या वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसू लागला, त्याच वर्षीचं हे लग्न. त्यापायी कर्व्यांच्या मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार घातला.

पार्वतीबाईंचं आयुष्य तोवर त्या काळच्या असंख्य बायकांसारखंच गेलं होतं. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याची गोव्यात नोकरी, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान मुलगा. केस काढले गेले, अंगावर आलवण आलं आणि त्या माहेरी परतल्या. तिथेच कोपऱ्यात बसून उरलेला जन्म काढायचा, असंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्याला आल्या आणि शिकायला बसल्या. ज्या वयात त्या काळच्या बायकांच्या मुलींची लग्नं ठरायची, त्या वयात यांनी धडे गिरवले.

एका घरातल्या या दोन बहिणी. एकीनं पुनर्विवाह केला, दुसरीनं करायचा नाही असं ठरवलं. दोघींनाही त्यांच्या निर्णयाची किंमत मोजावी लागली, आणि दोघींनी आपापल्या वाटेनं एकाच कामाला हात लावला. बहिणीचं बघून आपणही तसंच करावं, असं पार्वतीबाईंना वाटलं नाही. आपला मार्ग आपण निवडायचा, हे त्यांनी त्या काळात करून दाखवलं.

1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. 1900 साली आश्रम हिंगण्याला गेला. तेव्हाचं हिंगणं म्हणजे पुण्याबाहेरचा माळ आणि त्यावर एक झोपडी. पार्वतीबाईंनी आश्रमाची घरव्यवस्था अंगावर घेतली. स्वयंपाक, धान्य, आजारपण, रात्री रडत उठणारी एखादी नवी मुलगी, हे सगळं त्यात आलं. पण आश्रमात मुली वाढत होत्या आणि पैसा कायम कमी पडत होता. मग ही कोकणातली सोवळी बाई वर्गणी मागायला बाहेर पडली.

हे काम किती अवघड आहे, ते गणपतीची वर्गणी मागायला चाळीचे चार मजले चढलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. इथे तर मागणं होतं विधवांच्या शिक्षणासाठी. परक्या गावात जायचं, कुणाच्या तरी घरी उतरायचं, चार लोक जमवून सभा घ्यायची. जन्मात कधी पुरुषांसमोर तोंड न उघडलेल्या बाईनं व्याख्यान द्यायचं. दुसऱ्या दिवशी घरोघर जायचं. कुणी रुपया देणार, कुणी आणे, कुणी नुसतीच अक्कल. सगळं वहीत लिहून संस्थेत भरायचं आणि पुढच्या गावाची गाडी धरायची. पार्वतीबाईंनी हे वर्षानुवर्षं केलं. महाराष्ट्राबाहेरही केलं. जिला घराचा उंबरा ओलांडायची चोरी होती, ती बाई झोळी घेऊन देश फिरली.

चाळिशी ओलांडल्यावर, 1912 च्या सुमारास, त्यांनी केस वाढू दिले. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण जुन्या वळणाच्या देणगीदारांचे दरवाजे यामुळे बंद होण्याची भीती होती. संस्थेचं पोट ज्यांच्यावर अवलंबून, तेच दुखावले तर? अंगावर वीस वर्षं वागवलेली ती खूण पुसणं म्हणजे स्वतःच्याच मनाशी भांडण होतं. ते भांडण त्या जिंकल्या आणि लोकांची बोलणी खात काम चालूच ठेवलं.

फिरता फिरता त्यांना एक उणीव सतत टोचत होती. इंग्रजी येत नव्हतं. महाराष्ट्राबाहेर त्यावाचून अडायचं. कामाच्या रगाड्यात घरी बसून शिकणं काही जमेना. मग त्यांनी ठरवलं, की जिथे दिवसभर तीच भाषा कानावर पडते तिथेच जायचं. पैसे नाहीत तर तिथे काम करून पोट भरायचं. 1918 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या.

ते साल डोळ्यांसमोर आणा. महायुद्ध अजून संपलेलं नाही, समुद्र धोक्याचा, इन्फ्लुएंझाची साथ जगभर माणसं मारते आहे आणि मुंबईही त्यात होरपळते आहे. अशा वेळी एक प्रौढ, शाकाहारी, धड इंग्रजी न येणारी मराठी विधवा एकटी बोटीत बसते. त्याआधी मराठी बायका परदेशी गेल्या नव्हत्या असं नाही. आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई 1883 मध्ये गेल्या होत्या, रखमाबाई 1889 मध्ये लंडनला गेल्या होत्या. पण आनंदीबाई अठराच्या होत्या, रमाबाईंची संस्कृतची विद्वत्ता देशभर गाजलेली होती, रखमाबाईंच्या मागे त्यांचा गाजलेला खटला आणि त्यातून मिळालेले पाठीराखे होते. पार्वतीबाईंकडे ना पदवी, ना तरुण वय, ना नाव. होती ती कामाची सवय.

अमेरिकेत त्यांनी घरकाम केलं. परक्यांच्या घरी भांडी घासली, झाडलोट केली आणि त्याच घरांतून एकेक शब्द उचलत भाषा शिकल्या. ब्राह्मणाच्या विधवेनं परमुलखात भांडी घासायची, हे ऐकून इथे अनेकांची जीभ सैल सुटली असती. पार्वतीबाईंना त्यात कमीपणा वाटला नाही. स्वयंपाकघर त्यांना नवं नव्हतं, भांडी नवी नव्हती, नवी होती ती कामाला मिळणारी मजुरी. आपल्याकडे बाई जन्मभर जे फुकट करते, त्याचे तिथे पैसे मिळतात, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवलं. आजारपण सोसलं, एकटेपण सोसलं. पण संस्थेसाठी बोलण्याची एकही संधी सोडली नाही. दोन वर्षांनी, 1920 साली, त्या इंग्लंडमार्गे परत आल्या आणि पुन्हा हिंगण्याच्या कामाला लागल्या. 1928 मध्ये त्यांची ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांत जस्टिन अ‍ॅबट यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. इंग्रजीसाठी समुद्र ओलांडलेल्या बाईचं आयुष्य आता इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचलं. 1955 साली त्या गेल्या.

आता मोजा. विद्यार्थिनी, घरव्यवस्थापक, वक्ता, वर्गणी गोळा करणारी कार्यकर्ती, मोलकरीण, लेखिका. एका आयुष्यात एवढी कामं बदलली. पण ज्यासाठी बदलली ती गोष्ट एकच राहिली. धरसोड म्हणायची तर ती हेतूची असते, कामाची नव्हे. बाई एकाच खुर्चीवर तीस वर्षं बसली का, हा प्रश्नच चुकीचा आहे. तिनं हे सगळं कशासाठी केलं, हे विचारायला हवं.

आपल्याच परिसरात अशा आणखी बायका होऊन गेल्या. ताराबाई मोडक राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते मानाचं पद सोडून त्या 1923 मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालशिक्षणाचं काम करायला गेल्या, त्यासाठी गुजरातीत रुळल्या. 1936 मध्ये त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. दादरमधल्या मध्यमवर्गीय घरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तिथेच थांबल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. पण पन्नाशी उलटल्यावर, 1945 मध्ये, त्या बोर्डीला गेल्या, तिथून 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. तिथल्या वारली आदिवासींची मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच कुरणात घेऊन गेल्या. आज देशभर गावोगाव ज्या अंगणवाड्या चालतात, त्यांची कल्पना या कामातून आली.

लालबाग-परळच्या गल्ल्यांत प्रेमाताई पुरव यांचं नाव अजून घेतलं जातं. तरुणपणी गोवामुक्तीच्या लढ्यात त्यांच्या पायाला गोळी लागली. पुढे मुंबईत आल्यावर त्या कामगार चळवळीत उतरल्या. आणि मग त्यांचं लक्ष गेलं गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांकडे. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. 1975 मध्ये प्रेमाताईंनी त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडायला लावले. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, खाणावळीतली ताटं कमी झाली, तेव्हा संस्थेनंही आपलं काम बदललं. बाहेरच्या ऑर्डरी घेणं, बायकांना नवी कौशल्यं शिकवणं, असं ते वाढत गेलं.

मी हे सारं इतिहास म्हणून सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एक मावशी बँकेतून निवृत्त झाल्या. आठवड्यातून दोनदा त्या परळला टाटा हॉस्पिटलपाशी जातात. बिहारहून, विदर्भातून, कोकणातून आलेली माणसं तिथे फाइल छातीशी धरून उभी असतात. कुठली खिडकी, कुठला फॉर्म, मदतीचा अर्ज कुठे द्यायचा, काहीच कळत नसतं. मावशी त्यांच्या फाइलमधले कागद तारखेनं लावतात, झेरॉक्सचे दोन संच करायला सांगतात, अर्ज भरून देतात आणि राहायची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा रस्ता दाखवतात. बँकेच्या काउंटरवर तीस-पस्तीस वर्षांत आलेली शिस्त इथे कुणाचा तरी पूर्ण दिवस वाचवते. घरच्यांना आधी ते पटलं नव्हतं. ‘दगदग कशाला?’ असं ते म्हणत. आता त्यांचा मुलगाच त्यांना सोडायला येतो.

दादर-माहीमच्या सहल कंपन्यांतून बायका आज युरोपपासून जपानपर्यंत जातात, खास बायकांच्या सहलीही भरून जातात. याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांनी जन्मभर सुट्टीत फक्त गावी जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक केला, त्यांनी आल्प्स डोळे भरून बघायलाच हवेत. फक्त एवढंच वाटतं, की पार्वतीबाईंसारखं काही शिकून यावं. तिकडची वाचनालयं कशी चालतात, म्हातारी माणसं बसमध्ये कशी चढतात, शाळेत पालक काय काम करतात, हे बघावं आणि इथे येऊन एखादी गोष्ट सुरू करावी. जागेची वाण नाही. परळ-लालबागच्या रात्रशाळांत इंग्रजी वाचून घ्यायला माणसं हवी आहेत. महापालिकेच्या शाळांत गोष्टी सांगणारी आजी हवी आहे. वाचनालयांना दुपारी दोन तास बसणारं कुणीतरी हवं आहे.

ज्यांना ‘आता काय राहिलंय’ असं वाटतं त्यांनी ‘माझी कहाणी’ मिळवून वाचावी. आणि घरातल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. तुमची आई, सासू किंवा बायको उद्या काही नवं करायचं म्हणाली तर तिला वय सांगू नका. तिच्या वाट्याचं घरातलं एक काम त्या दिवसापासून तुम्ही करायला घ्या.