आधी रात्रपाळीचा हिशोब करा

मित्रांनो, व्हिडिओखाली सारखा एकच प्रश्न येतोय. ‘सर, तालुक्याला वृद्धांसाठी केअर सेंटर काढू का? दहा बेड, गुणिले महिन्याची फी...’

माझं मत विचाराल तर हा हिशोबच उलटा आहे. पॅरालिसिसच्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर बेडसोअर होतात. रात्री तीन वाजतासुद्धा! म्हणजे तीन पाळ्या, वर सुट्टीसाठी बदली माणूस. बेड रिकामे राहिले तरी पगार चालूच. आणि एक माणूस कमी ठेवलात, तर त्याची किंमत कोणाच्या तरी आईची पाठ मोजते. 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखालची नोंदणी वेगळीच.

त्यापेक्षा पदवीधर फिजिओथेरपिस्ट सोबत घ्या आणि आधी घरपोच सेवा सुरू करा. मुलगा पुण्यात, आई एकटी, असं घर तुमच्याच गल्लीत असेल.