शून्यांचा हिशेब आणि तीन गुण

रणजी करंडक स्पर्धेतील महाराष्ट्राच्या हंगामाला १५ ऑक्टोबर २०२५ रोजी तिरुवनंतपुरम येथे प्रारंभ झाला, आणि धावफलकावर एकही धाव लागण्यापूर्वी तीन फलंदाज तंबूत परतले. नाणेफेक जिंकून केरळने क्षेत्ररक्षण पत्करले होते. पृथ्वी शॉ शून्य, सिद्धेश वीर शून्य, अर्शिन कुलकर्णी शून्य, आणि पाठोपाठ कर्णधार अंकित बावणे हाही शून्य. पाचवा गडी बाद झाला तेव्हा संघाच्या खात्यात अवघ्या १८ धावा जमा होत्या. कर्णधार छत्रपती संभाजीनगरचा असल्यामुळे या शहरातील क्रिकेटरसिकांना हा प्रकार विशेष झोंबला. गुलमंडीपासून सिडकोपर्यंत जेथे म्हणून चार माणसे चहाला एकत्र येतात तेथे दुपारपर्यंत संघाचा निकाल लागलेला होता. सलामीची जोडी बदलावी, बाहेरून आणलेल्यांना परत पाठवावे, कर्णधाराने क्रम बदलावा, अशा तऱ्हेच्या शिफारशी पहिल्या दिवसाचा खेळ संपण्यापूर्वीच तयार होत्या.

रसिकाचा हा उतावळेपणा थट्टेवारी नेण्याची प्रथा आहे. ज्याने शाळा सुटल्यावर चेंडूला हात लावला नाही त्याने राज्याच्या संघाचे गुणदोष सांगावेत, यात विनोद आहेच. तथापि तेवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही. देशांतर्गत क्रिकेटला प्रेक्षक उरलेला नाही अशी ओरड वर्षानुवर्षे चालू असताना, चार दिवसांच्या सामन्यातील पहिल्या तासाची उलाढाल कोणी मनाला लावून घेतो, ही गोष्ट किरकोळ नव्हे. प्रश्न एवढाच की हा रसिक जो हिशेब मांडतो तो बरोबर मांडतो काय.

शॉ याचेच उदाहरण घ्यावे. मुंबई सोडून २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे आलेल्या या फलंदाजाने हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात आपल्या जुन्याच संघाविरुद्ध १८१ धावा काढल्या. त्याच डावात अर्शिन कुलकर्णीने १८६ केल्या आणि दोघांनी सलामीला तीनशेहून अधिक धावांची भागीदारी रचली. महाराष्ट्राचा सलामीचा प्रश्न पुढील दहा वर्षांपुरता सुटला, असे त्या आठवड्यात बोलले गेले. आठच दिवसांनी दोघेही शून्यावर बाद झाले. केरळविरुद्धच्या दुसऱ्या डावात शॉने ७५ धावा केल्या. पुढच्या सामन्यात चंडीगढविरुद्ध पहिल्या डावात ८, आणि दुसऱ्या डावात २२२. द्विशतक पुरे करण्यास त्याला १४१ चेंडू पुरले. तीन आठवड्यांच्या आत एकाच फलंदाजाबद्दल पाच वेळा मत बनवावे आणि चार वेळा ते मोडावे, अशी पाळी रसिकांवर आली. सिद्धेश वीरचेही तेच. पहिल्या डावातील शून्यानंतर दुसऱ्या डावात तो अर्धशतक करून नाबाद राहिला, पण त्याची वाच्यता कोणी केली नाही.

असे असूनही, हंगामाच्या आरंभीच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे, संघ पुढे सावरतो, हे जे समंजस समजले जाणारे मत आहे, तेही तपासून पाहिल्यावर टिकत नाही. रणजी स्पर्धेत एका संघाच्या वाट्याला साखळीचे अवघे सात सामने येतात. आठ संघांच्या गटातून दोनच पुढे जातात. निर्णायक विजयाला सहा गुण, एक डावाने वा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. या कोष्टकात चूक दुरुस्त करायला अवकाश फार थोडा आहे.

२०२४-२५ चा हंगाम ताजा आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने श्रीनगर येथे जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात चारशेहून अधिक धावा उभारल्या. धावसंख्या दिसायला भरघोस होती. परंतु प्रतिस्पर्ध्यांनी पाचशेची मजल मारलेली असल्यामुळे महाराष्ट्राच्या पदरी एकच गुण पडला. लगेचच्या सामन्यात मुंबईने महाराष्ट्राला पहिल्याच दिवशी १२६ धावांत गुंडाळले आणि नऊ गडी राखून सामना जिंकला. दोन सामने, एक गुण. पुढे जानेवारी २०२५ मध्ये नाशिकला याच संघाने बडोद्याचा ४३९ धावांनी पराभव केला. असा विजय क्वचितच पाहायला मिळतो. पण तोवर गाडी निघून गेली होती. त्या गटातून जम्मू-काश्मीर आणि मुंबई हे दोन संघ पुढे गेले. ऑक्टोबरात गमावलेले गुण जानेवारीत कितीही मोठ्या फरकाने जिंकून परत मिळत नाहीत, हे ज्याला उमगले तो रसिक पहिल्या तासात घाबरला तर त्याला दोष देता येत नाही.

मग तिरुवनंतपुरमचा सामना कसा वाचायचा? १८ धावांत पाच गडी गमावलेल्या संघाला ऋतुराज गायकवाड आणि जलज सक्सेना यांनी सावरले. गायकवाडने ९१, सक्सेनाने ४९ धावा केल्या. निधीशने पाच बळी घेऊनही महाराष्ट्राचा डाव २३९ पर्यंत गेला. केरळ २१९ धावांत बाद झाला. आघाडी अवघ्या २० धावांची. सामना अनिर्णित राहिला आणि महाराष्ट्राला तीन गुण मिळाले. चंडीगढला १४४ धावांनी नमवून आणखी सहा मिळाले. म्हणजे २०२४ साली चारशे धावांनी सुरुवात करणाऱ्या संघाच्या खात्यात दोन सामन्यांनंतर एक गुण होता, आणि २०२५ साली शून्यावर तीन गडी गमावून सुरुवात करणाऱ्या संघाच्या खात्यात नऊ. शून्ये मोजणाऱ्यांनी हे वजाबाकीचे गणित केलेच नाही. केरळला मात्र ते पाठ आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी एका धावेची आघाडी घेतली, उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध दोन धावांची, आणि तीन धावांच्या या शिदोरीवर तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. ज्या स्पर्धेत एका धावेला एवढे मोल आहे तेथे तळाच्या फलंदाजांनी काढलेल्या तीस-चाळीस धावा ही किरकोळ बाब म्हणून सोडून देणे, हे रसिकाचे खरे अज्ञान होय. सुदैवाने ते दूर करायला मैदानावर जावे लागत नाही, धावफलक शेवटपर्यंत वाचला तरी पुरते.

हे सर्व मान्य केल्यावरही एक दोष शिल्लक राहतोच, आणि त्याबाबत रसिकांची नजर चुकलेली नाही. मुंबईविरुद्ध १२६ आणि केरळविरुद्ध ५ बाद १८, या दोन लागोपाठच्या ऑक्टोबर महिन्यांतील घटना आहेत. त्यांतले फलंदाज सगळेच तेच नव्हते, पण रोग तोच. सकाळचे पहिले दीड तास, नवा लाल चेंडू, थोडी ओली खेळपट्टी, आणि शरीरापासून दूर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावण्याचा मोह. याला एखाद्या खेळाडूची बेपर्वाई म्हणून निकालात काढणे सोपे आहे. वस्तुतः महाराष्ट्रात पाऊस सप्टेंबर अखेरपर्यंत मैदाने सोडत नाही. त्यापूर्वीचे महिने पांढऱ्या चेंडूच्या आणि वीस षटकांच्या खेळात जातात. सराव सामना झालाच तर तो अशा निर्जीव खेळपट्टीवर होतो की तेथे सलामीच्या जोडीने तीनशे धावा केल्या तरी त्यांची परीक्षा झाली असे म्हणता येत नाही. गहुंजेच्या त्या १८१ आणि १८६ धावांनी महाराष्ट्राला जे शिकवायला हवे होते ते शिकवले नाही, असे म्हणणे भाग आहे.

बाहेरून आलेल्या खेळाडूंचा वाद याच संदर्भात पाहिला पाहिजे. सक्सेना हा मूळचा मध्य प्रदेशचा. नऊ हंगाम केरळकडून खेळून तो महाराष्ट्रात आला आणि पहिलाच सामना जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध खेळला. मराठवाड्यातील एखाद्या होतकरू मुलाच्या दृष्टीने संघातील अशी प्रत्येक जागा म्हणजे बंद झालेले दार होय. ही भावना खोटी नाही. परंतु त्याच सकाळी सक्सेना नसता तर काय झाले असते, हाही विचार करावा लागतो. विदर्भाने या बाबतीत जे केले ते डोळ्यांसमोर आहे. एकाच राज्यातला, पण संघटनेने स्वतंत्र असलेला हा संघ रणजी करंडकासाठी २०१७-१८ पर्यंत तिष्ठत होता. त्यानंतर त्याने २०१८-१९ आणि २०२४-२५ असे आणखी दोनदा विजेतेपद मिळवले. पहिल्या दोन विजयांत वसीम जाफर हा मुंबईचा फलंदाज त्यांच्याकडे होता, तिसऱ्यात कर्नाटकाचा करुण नायर. तरीही या विजयांना नागपूरच्या मुलांनी हात लावला नव्हता असे कोणी म्हणणार नाही. बाहेरचा खेळाडू आणला म्हणून संघ बिघडत नाही. त्याच्या शेजारी खेळून शिकणारा घरचा मुलगा नसेल तर मात्र तो पैसा वाया जातो. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर नाही. या ऐंशीहून अधिक वर्षांचे खापर एका सलामीच्या जोडीवर फोडणे हास्यास्पद ठरेल.

आणि येथे मराठवाड्याने स्वतःच्या आठवणीही चाळून पाहाव्यात. औरंगाबादेत जन्मलेल्या इक्बाल सिद्दीकीला २००१ च्या डिसेंबरात मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी मिळाली. विजयासाठी पाच धावा हव्या असताना या वेगवान गोलंदाजाला सलामीला पाठवण्यात आले, आणि त्यानेच त्या पूर्ण केल्या. त्यानंतर त्याला दुसरी कसोटी मिळाली नाही. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील कूचबिहार स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या तेव्हा त्याच्या भवितव्याबद्दल शंका घेणारा माणूस मराठवाड्यात शोधून सापडला नसता. २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधारही झाला. वरिष्ठ भारतीय संघाचे दार त्याला उघडले नाही. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने २०२३ च्या आयपीएलमधील आपल्या पहिल्याच सामन्यात तीन बळी घेतले, पण त्या हंगामात त्याला फार सामने लाभले नाहीत. पहिल्या अपयशावर घातलेली फुली जितकी घाईची तितकीच पहिल्या यशावर वाहिलेली फुलेही घाईची असतात. त्यांचा भार पुन्हा त्या मुलालाच सोसावा लागतो. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची जी खेळी केली तिच्याबद्दल बोलताना जिभेला थोडा लगाम घालणे हे त्याच्याच हिताचे आहे.

अंकित बावणे याबाबतीत वेगळा ठरतो. महाराष्ट्राकडून तो २००७-०८ च्या हंगामात, पंधराव्या वर्षी प्रथम खेळला. २०१३-१४ साली महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला तेव्हा केदार जाधवच्या १२२३ धावांचा सर्वत्र गाजावाजा झाला, आणि तो रास्तच होता. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ८९ धावा काढणारा बावणे मात्र थोड्यांच्याच लक्षात राहिला. कर्नाटकाने तो सामना सात गडी राखून जिंकला. ज्या फलंदाजाने इतकी वर्षे मधल्या फळीचा भार वाहिला त्याच्या एका शून्यावरून नेतृत्वाचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे. त्याला विचारायचेच असेल तर प्रश्न निराळे आहेत. १८ वर ५ अशी अवस्था झाल्यावर ड्रेसिंगरूममध्ये घबराट कशी आवरली गेली? केरळच्या शेवटच्या फलंदाजांसमोर केवळ काही धावांची आघाडी राखायची असताना गोलंदाज कोणत्या क्रमाने लावले? ही माहिती धावफलकावर छापलेली नसते, आणि कर्णधाराची पारख त्यातच होते.

संघटनेकडेही एक मागणी करण्याजोगी आहे. मराठवाड्यातील जिल्ह्यांत हंगामापूर्वी लाल चेंडूची शिबिरे घ्यावीत, आणि ती गवत राखलेल्या, चेंडूला थोडी हालचाल देणाऱ्या खेळपट्ट्यांवर घ्यावीत. आमखास मैदानावर आणि तालुक्यांच्या गावी सिमेंट वा मॅटिंगवर घडलेल्या मुलाला चेंडू सरळ आणि एकाच उंचीने येण्याची सवय असते. तो जेव्हा पुण्याच्या किंवा परराज्याच्या हिरवट खेळपट्टीवर प्रथम उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे शिकायला सात सामन्यांतले दोनच असतात. त्या दोन सामन्यांत तो चुकला की त्याच्या जागी उभा राहायला बाहेरचा खेळाडू तयार असतोच, आणि त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याच्याविरुद्ध मत देणाऱ्यांत त्याच्याच गावची माणसे असतात.