यंत्राचे मन आणि फुलराणीचा प्रश्न

१/८
संगणकाला कधी माणसासारखे मन असू शकेल का? हा वाद आजचा नाही. साठ वर्षांपूर्वीच्या एका साध्या प्रोग्रामने त्यातील खरी मेख उघड केली होती.

२/८
१९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी ‘माइंड’ या नियतकालिकात एक कसोटी सुचवली. लेखी संभाषणात समोर यंत्र आहे की माणूस, हे परीक्षकाला ओळखता येऊ नये. दुसऱ्या माणसाचे मनही वागण्या-बोलण्यावरूनच कळते, हा त्यांचा युक्तिवाद वजनदार होता.

३/८
१९६६ मध्ये एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्राम जगापुढे मांडला. त्याचे गाजलेले सोंग मानसोपचारतज्ज्ञाचे. वाक्यातील शब्द हेरायचा, ‘मला’चे ‘तुम्हाला’ करायचे आणि तेच वाक्य प्रश्न म्हणून परत करायचे. अर्थाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

४/८
हा प्रोग्राम घडताना त्यांच्या सचिव महिलेने कित्येक महिने पाहिला होता. तरीही त्याच्याशी चार वाक्ये बोलताच तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली.

५/८
काही मानसोपचारतज्ज्ञांना तर अशा प्रोग्रामकडे रुग्ण सोपवावेत असे वाटू लागले. वायझेनबाउम हादरले. संगणकाला काय जमेल आणि त्याच्यावर काय सोपवावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अशी भूमिका त्यांनी १९७६ च्या ग्रंथात मांडली.

६/८
‘एलायझा’ हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’च्या नायिकेचे, मराठीत पुलंच्या ‘ती फुलराणी’तील मंजुळा. तिची बोली अशुद्ध म्हणून प्राध्यापकाला तिचे मन दिसत नाही. प्रोग्रामची भाषा सभ्य म्हणून लोकांना नसलेले मन दिसले. चूक एकच: भाषेवरून मनाची पारख.

७/८
म्हणूनच ट्युरिंग यांची कसोटी यंत्रापेक्षा परीक्षकाचीच परीक्षा अधिक घेते. एकाकी माणूस तर ऐकून घेणाऱ्या कोणालाही मन बहाल करतो.

८/८
यंत्राला मन येणे कायमचे अशक्य आहे, असे इतिहास सांगत नाही. मात्र सफाईदार उत्तरे हा त्याचा पुरावा नव्हे. भाषेचा प्रयोग यशस्वी झाल्यावर फुलराणीला छळतो तो एकच प्रश्न: आता माझे पुढे काय? संगणकातील एलायझाला हा प्रश्न पडूच शकत नव्हता. तिचे काहीच पणाला लागलेले नव्हते. ज्याला स्वतःच्या उद्याची काळजी नाही, त्याला मन आहे असे म्हणण्याची घाई कोणी करू नये.